आवाजाच्या कामासाठी लहान रेकॉर्डरची ध्वनिगुणवत्ता कशी पारखावी?

वाचनरत

नमस्कार. मी पुस्तकांचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करते आणि त्याच्या जोडीने वृद्ध माणसांच्या आठवणींच्या लांब मुलाखतीही घेते. या दोन्ही कामांसाठी हातात मावणारा एकच रेकॉर्डर घ्यावा, असा विचार आहे. अभिवाचन एका शांत खोलीत होते आणि तिथे मी एक्सएलआर (तीन टोकांच्या) जोडणीचा डायनॅमिक माइक, म्हणजे वीज न लागणारा पण क्षीण संकेत देणारा माइक, वापरते. मुलाखतींसाठी मात्र समोरच्या माणसाच्या घरी जावे लागते, आणि तिथे बहुतेक वेळा रेकॉर्डरच्या अंगच्या माइकवरच काम भागवावे लागेल.

अडचण अशी आहे, की माहितीपत्रके वाचून प्रत्यक्षात आवाज कसा येईल याचा अंदाज बांधता येत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, अलीकडे ३२-बिट फ्लोट आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हेच आकडे सगळीकडे दिसतात, आणि त्यांवरून सगळी यंत्रे सारखीच वाटू लागतात. याउलट नमुन्यादाखल ठेवलेली ध्वनिमुद्रणे ऐकली तर तीच यंत्रे अगदी निरनिराळी वाटतात. पण प्रत्येक नमुन्यात बोलणारा वेगळा, खोली वेगळी, माइकपासूनचे अंतर वेगळे आणि आवाजाची पातळीही वेगळी असते. त्यामुळे ऐकू येणारा फरक यंत्राचा की बाकीच्या गोष्टींचा, हे ठरवणे मला शक्य होत नाही.

बोलण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी माहितीपत्रकातला कोणता आकडा खरोखर पाहावा? दोन-तीन रेकॉर्डर थोड्या काळासाठी हाती आले, तर त्यांची न्याय्य तुलना कशी करावी? आणि ३२-बिट फ्लोटमुळे आवाज अधिक स्वच्छ येतो असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य किती? संगीताचा विचार मला करायचा नाही. एका माणसाचा बोलता आवाज, एवढाच विषय आहे.

खर्जसाधक

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात आहे, पण तो आकडा पुष्कळ माहितीपत्रकांत शेवटच्या ओळींत असतो किंवा मुळीच नसतो. तो म्हणजे माइक-प्रीअँपचा (माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या परिपथाचा) ‘इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज’, ज्याला थोडक्यात ईआयएन म्हणतात. माइककडून काहीही येत नसताना प्रीअँप स्वतः जेवढी खरखर निर्माण करतो, ती इनपुटपाशी मोजली तर किती भरेल, हे त्यातून कळते. तो डीबीयू या एककात (विद्युतदाबाची डेसिबलमधली पातळी) उणे चिन्हासह लिहितात. उणे संख्या जितकी मोठी, तितका प्रीअँप शांत. याला निसर्गानेच घातलेली मर्यादा आहे: १५० ओहमचा साधा रोधक नेहमीच्या तापमानाला आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे −१३१ डीबीयू इतका नॉइज स्वतःच निर्माण करतो. त्यामुळे −१२७ किंवा −१२८ हे फार चांगले आकडे आहेत, −१२० हा मध्यम आणि −११० हा डायनॅमिक माइकसाठी अडचणीचा.

केवळ हा आकडा पाहून निर्णय घेऊ नये, तो आपल्या माइकच्या संवेदनशीलतेशी जोडून पाहावा, कारण खरे उत्तर त्या जोडीतच असते. शूअर एसएम५८ या परिचित डायनॅमिक माइकची संवेदनशीलता −५४.५ डीबीव्ही, म्हणजे एक पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट, अशी दिलेली आहे. एक पास्कल म्हणजे ९४ डीबी ध्वनिदाब. डीबीव्हीचे डीबीयू करण्यासाठी २.२ मिळवले, की ९४ डीबीच्या आवाजाला हा माइक −५२.३ डीबीयू देतो असे निघते. प्रीअँपचा ईआयएन −१२० असेल तर दोहोंतले अंतर ६७.७ डीबी होते, आणि ९४ मधून ते वजा केले की २६ डीबी उरतात. याचा अर्थ असा, की प्रीअँपची खरखर ही खोलीत २६ डीबीचा गोंगाट असल्यासारखी ऐकू येईल. ईआयएन −१२७ असेल तर हेच उत्तर १९ डीबी येते, आणि −११० असेल तर ३६ डीबी.

आता हे आकडे खोलीशेजारी ठेवून पाहा. चांगली शांत खोली साधारण ३० डीबीची असते. नॉइजच्या पातळ्या सरळ मिळवायच्या नसतात, त्यांच्या शक्तीची बेरीज करायची असते: ३० डीबीच्या खोलीत १९ डीबीचा प्रीअँप मिसळला तर एकूण ३०.३ डीबी होतात, म्हणजे प्रीअँप जवळजवळ अदृश्य होतो. २६ डीबीचा मिसळला तर साडेएकतीस. ३६ डीबीचा मिसळला तर मात्र ३७, आणि मग खोली कितीही शांत केली तरी खरखर यंत्राचीच ऐकू येणार. तुमच्याकडे डायनॅमिक माइक आहे, म्हणून हा हिशेब तुमच्यासाठी कळीचा आहे. शूअर एसएम७बी तर याहूनही कमी संकेत देतो, १.१२ मिलिव्होल्ट, त्याच्यासाठी वरच्या प्रत्येक उत्तरात चार-साडेचार डीबी वाढवून धरावेत.

कंडेन्सर माइक, म्हणजे वीज लागणारा पण पुष्कळ मोठा संकेत देणारा माइक, असता तर चित्र पूर्ण पालटले असते. रोड एनटी१-ए हा माइक एका पास्कलला सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे −१२० ईआयएनच्या प्रीअँपची खरखर त्याच्यामागे जेमतेम ४ डीबीइतकी उरते, आणि ती त्या माइकच्या स्वतःच्या ५ डीबी नॉइजपेक्षाही कमी आहे. म्हणजे एकच रेकॉर्डर एका माइकवर खरखरतो आणि दुसऱ्यावर निर्मळ वाटतो; यंत्राबद्दलच्या निम्म्या मतभेदांचे मूळ मला इथेच दिसते.

माहितीपत्रक वाचताना एक सावधगिरी बाळगावी. ईआयएन ‘ए-वेटेड’, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार भारून, मोजला असेल तर तो न भारलेल्या मोजणीपेक्षा काही डीबींनी चांगला दिसतो, आणि १५० ओहमचा रोधक न लावता इनपुट शॉर्ट करून मोजला असेल तर आणखी चांगला दिसतो. दोन उत्पादकांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले असतील तेव्हाच त्यांची तुलना करावी. बाकीच्या आकड्यांपैकी ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचा बोलण्याला उपयोग नाही, ४८ पुरेसे आहे. आणि २० ते २० हजार हर्ट्झ हा प्रतिसाद आजच्या जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या इनपुटला मिळतो, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही.

श्रुतिभेद

वरचा हिशेब मला मान्य आहे आणि खरेदीपूर्वी तो प्रत्येकाने करावा. पण यंत्र हाती आल्यावर कागदाकडे परत न जाता कानांनी आणि मोजणीने तपासणे अधिक विश्वासार्ह असते, म्हणून तुलनेची रीत सविस्तर लिहितो.

तुलनेला सर्वांत जास्त बाधा येते ती पातळीतल्या फरकाने. दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक अर्धा-एक डीबीने जरी मोठे असले, तरी ऐकणाऱ्याला ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरदार’ वाटते. म्हणून दोन्ही फाइलींतल्या बोलण्याची सरासरी पातळी आधी सारखी करावी, आणि शक्य तर हा फरक एक-दोन दशांश डीबीच्या आत आणावा. नुसते शिखर, म्हणजे क्षणिक सर्वोच्च पातळी, जुळवून भागत नाही, कारण एखाद्या ‘प’च्या फटक्याने शिखर वर जाते आणि बाकीचे बोलणे तेवढेच खाली राहते.

माइक एकच असावा आणि तो आळीपाळीने प्रत्येक रेकॉर्डरला जोडावा. अंतर मोजून ठेवावे आणि माइकचा स्टँड हलवू नये. माणूस प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे वाचत नाही, ही यातली मोठी उणीव आहे. तिच्यावर उपाय म्हणजे एकदा नीट मुद्रित केलेले वाचन चांगल्या स्पीकरवरून वाजवून तेच सर्व रेकॉर्डरांना ऐकवणे. परंतु स्पीकरचा रंग आवाजात मिसळतो, म्हणून स्पीकरची चाचणी फक्त यंत्रायंत्रांतला फरक ओळखण्यासाठी करावी आणि आवाज कसा वाटतो हे ठरवायला जिवंत वाचनच घ्यावे.

वाचायचा मजकूर हेतुपूर्वक निवडावा. मराठीत यासाठी उत्तम सामग्री आहे. ‘फुलपाखरू फाटकापाशी फडफडत पुढे पुढे गेले’ अशा वाक्याने श्वासाचे फटके आणि लो-कटचे (खालचे स्वर गाळणाऱ्या सोयीचे) काम कळते. ‘शेवटच्या श्लोकाशेजारी सहा शब्द स्पष्ट सुचवले होते’ यासारख्या वाक्याने वरच्या पट्टीतला, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झचा, कर्कशपणा उघडा पडतो. शेजारी ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला असे दोन्ही ‘च’ येऊ द्यावेत, कारण त्यांतला फरक पुसट झाला तर वरचा तपशील हरवतो आहे असे समजावे. पण माझ्या मते सर्वांत कठीण कसोटी ‘म्हातारा’, ‘उन्हाळा’, ‘कोल्हा’ अशा शब्दांची आणि वाक्याच्या शेवटी विरत जाणाऱ्या ‘आहे’ची असते. तिथे आवाजातली शक्ती इतकी कमी होते की खरखर असलीच तर ती अक्षरावर चढून बसते. यंत्र आपोआप पातळी राखत असेल तर त्याच जागी ते गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) वाढवू लागते आणि पुढच्या विरामात मागची खोली फुगून वर आल्यासारखी ऐकू येते. अशी स्वयंचलित पातळी आवाजाच्या कामासाठी बंदच ठेवावी.

मोजण्यासाठी वाचनाच्या आधी अर्ध्या मिनिटाची शांतता मुद्रित करावी आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये शांततेची आणि बोलण्याची सरासरी, म्हणजेच आरएमएस, पातळी स्वतंत्रपणे काढावी. त्यातले ‘कॉन्ट्रास्ट’ हे साधन दोन निवडलेल्या भागांतला फरक थेट सांगते. एक उपयुक्त मापदंड ऑडिबलच्या एसीएक्स या श्राव्यपुस्तकांच्या व्यासपीठाचा आहे (इथले डीबी फाइलीतल्या कमाल पातळीला शून्य धरून मोजलेले आहेत): बोलण्याची आरएमएस पातळी −२३ ते −१८ डीबीच्या दरम्यान, शिखर −३ डीबीच्या वर नाही, आणि पार्श्वभूमीचा नॉइज −६० डीबीच्या खाली. म्हणजे बोलणे −२० वर ठेवले तर विरामापेक्षा ते किमान ४० डीबीने वर असायला हवे.

हा ४० डीबीचा फरक कुठून मिळतो तेही पाहा. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डीबीचे असते आणि अंतर निम्मे केले की सहा डीबी वाढतात. साडेबारा सेंटिमीटरवर ते ७८ होते. खर्जसाधक यांनी काढलेल्या साडेएकतीस डीबीच्या पार्श्वभूमीशी तुलना केली तर फरक ४६ चा येतो आणि काम निभावते. −११० च्या प्रीअँपवर तो ४१ पर्यंत उतरतो, आणि त्याच यंत्रावर माइक पंचवीस सेंटिमीटरवर नेला तर ३५. एवढ्या फरकावर मागची खरखर काढायला नॉइज रिडक्शन लावावे लागते, आणि ते जरा जास्त झाले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

आकडे जुळले तरी विरामातला नॉइज कसा आहे तेही ऐकावे. एकसारखी, पावसासारखी खरखर कानाला सोसवते. पण काही यंत्रांत वीजपुरवठ्याच्या परिपथाची एकसुरी शिट्टी मिसळलेली असते आणि ती तेवढ्याच आरएमएस आकड्यात कितीतरी पटींनी जास्त बोचते. स्पेक्ट्रोग्रॅममध्ये, म्हणजे आवाजातल्या स्वरांच्या चित्रात, ती सरळ आडव्या रेषेसारखी दिसते. हीच चाचणी बॅटरीवर आणि यूएसबी वीजपुरवठ्यावर अशी दोनदा करावी, कारण पुष्कळदा शिट्टी किंवा गुणगुण यूएसबीच्या तारेतूनच येते. आणि हे सर्व ऐकणे संगणकावर फाइल उतरवून घेऊन करावे. रेकॉर्डरच्या हेडफोन जॅकवर जी खरखर ऐकू येते तिच्यात त्या जॅकच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरचा वाटा असतो. ती फाइलमध्ये असेलच असे नाही.

शेवटी फाइलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्यावीत आणि कोणती कोणत्या यंत्राची हे माहीत नसताना निवड करावी. नाव माहीत असले की कान त्या नावाच्या कलाने ऐकतात.

गावोगाव

वरची दोन्ही उत्तरे एक्सएलआर माइकसाठी आहेत. मुलाखतींत अंगचे माइक वापरायचे असतील तर ईआयएनचा आकडा उपयोगाला येत नाही, कारण तिथे खरखरीचा मोठा वाटा त्या माइकमधल्या आवाज टिपणाऱ्या छोट्या कॅप्सूलचाच असतो आणि तिचा नॉइज उत्पादक क्वचितच जाहीर करतात. म्हणून अंगच्या माइकची चाचणी स्वतंत्र घ्यावी. प्रीअँप उत्तम आहे म्हणून अंगचे माइकही उत्तम असतील असे धरून चालू नये.

या माइकबद्दल फारसे बोलले जात नाही असे एक वैशिष्ट्य आहे. एक्स-वाय रचनेत दोन कॅप्सूल एकमेकींशी बहुधा ९० अंशांचा कोन करून बसवलेल्या असतात, त्यामुळे बरोबर समोर बसलेला माणूस प्रत्येक कॅप्सूलच्या दृष्टीने ४५ अंश बाजूला असतो. कॅप्सूल बाजूने येणारे उंच स्वर कमी घेत असेल तर मधल्या माणसाचा ‘स’ मऊ आणि आवाज थोडा झाकोळलेला येतो. रेकॉर्डर किंचित फिरवून एक कॅप्सूल सरळ तोंडाकडे करावी आणि फक्त त्याच बाजूचा चॅनल वापरून पाहावा. एका माणसाच्या मुलाखतीला स्टिरिओची गरज नसते आणि काही यंत्रांत एवढ्यानेच स्पष्टता वाढते. चाचणी घेताना माणूस मध्ये, एका बाजूला आणि थोडा खाली, अशा तीनही स्थितींत बोलता ठेवावा, कारण मुलाखतीत माणसे हलतात, मान वळवतात, आठवता आठवता खाली पाहू लागतात.

रेकॉर्डर टेबलावर तसाच ठेवला तर टेबलाचा पृष्ठभाग परावर्तन करतो आणि आवाज पोकळ होतो; शिवाय हात टेकल्याचा, पेला ठेवल्याचा प्रत्येक दणका थेट यंत्रात शिरतो. लहान तिपाई आणि खाली घडी केलेले जाड कापड एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. हातात धरून चाचणी जरूर करावी, बोटे यंत्राच्या अंगावरून फिरवून पाहावीत. काही हलक्या प्लास्टिकच्या यंत्रांत हा स्पर्शाचा आवाज बोलण्याइतका मोठा येतो. मोबाइल फोन शेजारी ठेवून आणि त्यावर कॉल घेऊनही पाहावे. जीएसएम फोनच्या प्रक्षेपणाची २१७ हर्ट्झची गुरगुर कमी संरक्षित इनपुटमध्ये सहज शिरते.

३२-बिट फ्लोटबद्दल: ते स्वच्छता वाढवत नाही, पातळीची चूक सावरते. अशा यंत्रांत सहसा दोन ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक वेगवेगळ्या गेनवर एकाच वेळी चालतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि यंत्र दोहोंतून निघालेले संकेत एकत्र करते. म्हणून मुद्रण हळू झाले किंवा आवाज एकदम चढला, तरी नंतर पातळी बदलून घेता येते. प्रीअँपची खरखर, खोली आणि माइकची मर्यादा मात्र जिथल्या तिथे राहतात. कॅप्सूलच दाबाने विकृत झाली असेल तर कोणतेही बिट तिला परत आणू शकत नाहीत. झूम एफ३ सारख्या यंत्रात ३२-बिट फ्लोटच्या बरोबरीने −१२७ डीबीयूचा प्रीअँप आहे, आणि त्याची निर्मळता येते ती या प्रीअँपमुळे. पण त्याला अंगचे माइक नाहीत, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र माइक न्यावा लागेल.

तरीही मुलाखतींसाठी मी या सोयीला किंमत देतो. बोलणारी व्यक्ती भावनेच्या भरात कुजबुजते आणि क्षणात मोठ्याने हसते; त्या वेळी पातळीच्या बटणाकडे न पाहता तिच्याकडे पाहता येणे, हे मुलाखतीच्या गुणवत्तेतच मोडते. अभिवाचनात, जिथे पातळी आधीच ठरलेली असते, तिथे २४ बिट आणि शिखरे −१२ डीबीच्या आसपास ठेवण्याची शिस्त पुरते.

वाचनरत

आपण तिघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हिशेब माझ्या माइकसाठी करून पाहिला. −१२० च्या आसपासचे यंत्र माझ्या खोलीत अभिवाचनाला पुरेसे ठरेल असे दिसते. आता एक शंका उरते. एखाद्या रेकॉर्डरचे अंगचे माइक आणि बांधणी मुलाखतींना उत्तम ठरली, पण प्रीअँप −११० च्या जवळचा निघाला, तर डायनॅमिक माइक आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये जोडायचा छोटा बूस्टर लावून ती उणीव भरून काढता येईल का?

खर्जसाधक

होय, आणि बूस्टरचा खरा उपयोग नेमका अशाच जोडीला होतो. ही उपकरणे रेकॉर्डरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच मिळणाऱ्या विजेवर, चालतात आणि माइकचा संकेत प्रीअँपमध्ये शिरण्यापूर्वी साधारण २० ते २५ डीबीने उचलतात, त्यामुळे प्रीअँपची स्वतःची खरखर तेवढ्या मानाने मागे पडते आणि उरतो तो मुख्यतः बूस्टरचा आणि माइकच्या वेटोळ्याचा नॉइज. −११० च्या यंत्रावर हा फरक स्पष्ट ऐकू येईल. −१२७ च्या यंत्रावर तो जवळजवळ ऐकू येणार नाही, कारण तिथे मागे टाकण्यासारखी खरखर उरलेलीच नसते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. रेकॉर्डर बॅटरीवर असताना खरोखर ४८ व्होल्ट देतो की त्याहून कमी, हे पाहावे, आणि फँटम चालू ठेवल्यावर बॅटरी किती वेळ टिकते तेही मोजावे. श्रुतिभेद यांनी सांगितलेली शांततेची चाचणी बूस्टर लावून आणि न लावता, बोलण्याची पातळी सारखी करून घ्यावी. फरक तीन डीबीहून कमी निघाला, तर बूस्टर न घेता माइक तोंडाच्या आणखी थोडा जवळ आणावा.